मर्दुमशुमारी

“येक? म्हंजी मी येकलीच व्हय?”

ठकूबाई गर्जेनं माझ्या हातातल्या कागदावर सरळ आपला तळवाच ठेवला. “फाड त्यो कागद. पयलं फाड.”

“आजी, सरकारी कागद आहे. हात काढा.”

“आमी नऊ हाव. लिव्ह.” ती बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायला लागली. “म्या. माझा रामकिसन, त्याची शेवंता. उत्तम, त्याची मथुरा. सुदाम, कांता, बाळू, आन् मथुरीच्या वटीतलं. त्याचं नाव अजून ठिवलं न्हाई. झालं का नऊ?”

“झाले. पण आठ जण इथं नाहीत. दसरा झाला की कारखान्यावर गेले, अक्षय तृतीयेला येणार. नऊ ते अठ्ठावीस फेब्रुवारीत जो माणूस एक दिवससुद्धा घरी नाही, त्याला घरी लिहायचं नसतं. तो जिथं असेल तिथं लिहितात.”

“तितं त्येंचं घर हाय का? घर हितं हाय. तितं पाचटाची कोपी.”

“नियम आहे, आजी.”

“नियम!” ती उठून उभी राहिली. “उंद्या कुनी तुझा ह्यो कागद वाचला तर काय म्हनंल? ठकूला मागं ना पुढं कुनी. दोन ल्योक आसून मला निपुत्रिक लिव्हतो का रं, मास्तर?”

मी एकच लिहिलं. शाई वाळेपर्यंत ती माझ्या डोक्यावर उभी होती.

ही १९८१ सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो, मूळचा अंबाजोगाईचा. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या रांगेत सावरघाट नावाच्या खेड्यात एकशिक्षकी शाळेवर होतो, आणि जनगणनेत मला त्याच गावाचा प्रगणक नेमलं होतं. सावरघाटचा धंदा एकच, ऊसतोड. दसऱ्यानंतर बैलगाड्या निघाल्या की गावात म्हातारी माणसं, त्यांच्या शेळ्या आणि मी एवढेच उरायचो. मला तिथं राहायचं नव्हतंच. बाहेरून एम. ए. करत होतो. परीक्षा दिली की या डोंगरातून सुटलो, अशा घाईत माझा प्रत्येक दिवस जायचा.

जनगणनेचं प्रशिक्षण जानेवारीत तालुक्याला झालं. ते घेतलं कादरी गुरुजींनी. ते आमच्या भागाचे शिक्षण विस्तार अधिकारी, आणि जनगणनेसाठी आमचे पर्यवेक्षकही. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, साठीकडं झुकलेले, शेरवानीची सवय न सुटल्यामुळं कोटाची सगळी बटणं लावणारे. तक्ते, रकाने, नियमांची पुस्तिका हे सगळं बाजूला ठेवून त्यांनी पहिला तासभर शब्दच सांगितले.

“पेशव्यांच्या वेळी म्हणत खानेसुमारी. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. घरं मोजली की झालं, कारण घरपट्टी घरावर. पुढं आली शिरगणती, डोकी मोजा. आमच्या निजामाच्या दप्तरात शब्द होता मर्दुमशुमारी. मर्दुम म्हणजे माणसं. आणि आता जनगणना. शब्द चार झाले, बरखुरदार, काम एकच आहे. माणसाच्या दारापर्यंत चालत जाणं.”

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “गुरुजी, पेपरात ते डेमोग्राफी म्हणतात, ते काय?”

हे मला पाठ होतं. मी उभा राहून सांगितलं, की हा शब्द एका फ्रेंच माणसानं १८५५ साली वापरात आणला, ग्रीकमधून. डेमॉस म्हणजे लोक, ग्राफी म्हणजे लिहिणं, मराठीत लोकसंख्याशास्त्र किंवा जनसांख्यिकी. जन्म, मृत्यू आणि स्थलांतर ही त्याची तीन अंगं. एका दमात. सगळे माना वळवून बघायला लागले. त्या दिवसापासून बाकीचे मास्तर मला ‘पुस्तिका’ म्हणायला लागले.

कादरी गुरुजी फक्त एवढंच म्हणाले, “लोक लिहिणं. वा. छान शब्द आहे.”

नियमांचा एवढा पुळका असलेल्या या पुस्तिकेच्या शाळेत काय चालायचं, तेही सांगून टाकतो. माझ्या पटावर अठ्ठावन्न मुलं होती. त्यातली एक्केचाळीस दसऱ्यापासून आईबापाबरोबर कारखान्यावर. आणि मी रोज सकाळी हजेरीपत्रकात त्या एक्केचाळिसांपुढं ‘ह’ मांडत होतो, हजर. माझ्या आधीच्या मास्तरांनी तेच केलं होतं. मूल फार दिवस गैरहजर दाखवलं की नाव कमी होतं, नावं कमी झाली की पट पडतो, पट पडला की शाळा जाते. गावानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ‘नावं काढू नगा, गुरुजी.’ मी काढली नाहीत. सतरा मुलांना पाढे देऊन एक्केचाळीस ‘ह’ काढायला मला चार मिनिटं लागायची.

बावीस फेब्रुवारीला कादरी गुरुजी माझं काम तपासायला आले. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळे कागद चाळले.

“एकशेबारा घरं. अडतीस कुलूपबंद. बाकीच्यात एकेक दोनदोन म्हातारे.” त्यांनी चष्मा काढला. “देशमाने, तुझी खानेसुमारी झाली. मर्दुमशुमारीचं काय?”

“ते कारखान्यावर लिहिले जातील, गुरुजी. नियम तसा आहे.”

“नक्की?”

“पुस्तिकेत स्पष्ट आहे.”

“पुस्तिका तिकडच्या मास्तरालाही तीच दिलीय. तोही वाचून म्हणत असेल, यांचं घर बीडला, हे बीडला लिहिले जातील.”

“मग ती त्याची चूक.”

“असेल ना. पण चूक त्याची आणि माणसं तुझी. दहा वर्षं हा आकडा चालणार आहे. उद्या इथं दवाखाना मागितला तर वर कुणीतरी म्हणेल, कशाला? गावात माणसं कुठं आहेत?”

मला राग आला. सगळ्यांत नीट काम मीच केलं होतं आणि ऐकूनही मीच घेत होतो. त्यात ठकूबाईनं छळ मांडला होता. रोज शाळा सुटायच्या वेळेला काठी टेकत यायची आणि दारातून विचारायची, “आलं का रं आमच्या आठांचं काई?” मी नाही म्हटलं की मुलांसमोर म्हणायची, “बसून कसं यील?”

सव्वीस तारखेला मी गुरुजींना निरोप ठेवला आणि एसटीत बसलो. म्हातारीची कीव आली म्हणून निघालो असं म्हणायला आवडलं असतं. खरं कारण असं, की माझं बरोबर आहे हे मला सिद्ध करायचं होतं. मुलांची नावं उतरवून घ्यायचा कंटाळा केला आणि हजेरीपत्रकच पिशवीत टाकलं. नगरला गाडी बदलली. हातात परीक्षेच्या नोट्स होत्या, पण एक पान पुढं सरकेना. समजा, नसतील लिहिली तर? हा विचार मी खिडकीबाहेर टाकायचो आणि पुढच्या थांब्यावर तो पुन्हा गाडीत चढायचा.

कारखान्याच्या मागं, नदीच्या अंगाला सावरघाटची टोळी उतरली होती. पाचटाच्या कोप्यांच्या दोन रांगा, मधून सांडपाण्याचा ओघळ, आणि सगळीकडं मळीचा आंबूस वास. दुपार होती. मोठी माणसं फडात. कोप्यांपुढं मुलं खेळत होती. मला पाहिल्यावर एका पोरानं आरोळी ठोकली, “गुर्जी आलं रं!” आणि क्षणात रांग ओस पडली. त्यांना वाटलं, मी धरून न्यायला आलो. दोन पोरं तर बैलाच्या पोटाखाली जाऊन बसली. महिन्यात पहिल्यांदा मला हसू आलं.

आश्रुबा मुकादम बाजेवर बसला होता. गावातून टोळी जमवून कारखान्यावर आणणारा तोच.

“आश्रुबा, इथं आपली माणसं किती?”

“साठ कोयते.”

नवरा-बायको मिळून एक कोयता. एक तोडतो, एक मोळ्या बांधून वाहते. टोळीत माणूस मोजायची रीत हीच.

“म्हणजे एकशेवीस. आणि पोरं?”

“पोरं कोयत्यात धरत न्हाईत, गुरुजी.”

“जनगणनेवाले आले होते का?”

“आलते की. ते काय चौगुले मास्तर. सोळा तारखेला हितंच बसून समदं लिव्हून गेले. च्या पाजला म्या त्येंला.”

माझा जीव भांड्यात पडला. आश्रुबानं एका पोराला पाठवून चौगुले मास्तरांना बोलावणं धाडलं. ते सायकलवरून आले, माझ्याच वयाचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मी ओळख करून दिली, विचारलं.

“सगळे लिहिलेत की वो,” ते म्हणाले. “साठ कुटुंबं, एकशेवीस माणसं. शिवाय अंगावर पिणारी सतरा बाळं.”

“आणि मोठी मुलं?”

“ती इथली कुठायत?”

मी आजूबाजूला हात केला. आता भीड चेपलेली पोरं आमच्याभोवती कोंडाळं करून उभी होती.

“मला दिसली होती पोरं,” चौगुले म्हणाले. “मी मुकादमांना विचारलं. ते म्हणाले, आईबापांना भेटायला दोन दिवस आलीत. नाहीतर समदी गावाकडं शाळेत असतात, गुरुजी रोज हजेरी मांडतात. खोटं वाटत असेल तर शाळेची वही बघा म्हणाले.”

आश्रुबा जमिनीकडं बघत होता. फडात पोरं राबतात, मोळ्या ओढतात, ही बोलणी टाळायला तो दरवर्षी सगळ्यांना हेच सांगायचा. खोटं त्याचं होतं, पण त्याला साक्ष माझी होती.

माझे कान तापले. तरी मला अजून वाटत होतं, की हे गुपचूप निभावून नेता येईल. मी म्हणालो, “चौगुले, आज सव्वीस तारीख. अठ्ठावीसपर्यंत वेळ आहे. मी नावं वाचतो, मुलं समोर उभी करतो, तुम्ही लिहून घ्या.”

“बघू तर खरं,” ते म्हणाले.

मी हजेरीपत्रक काढलं. मुलं ओळीत उभी राहिली. चार महिन्यांनी हजेरी घेत होतो, पोरांना मौज वाटत होती. नाव घेतलं की बेंबीच्या देठापासून ओरडायची, “हजर!” एकाच्या हातात ऊस, एकीच्या कडेवर भावंड. चौगुले माझ्या खांद्यावरून वहीत बघत होते, आणि त्यांनी बघू नये म्हणून मी वही तिरपी धरत होतो.

“सुदाम रामकिसन गर्जे.”

मी वहीतून मान वर केली.

“सुदाम! कुठं उंडारतोय हा?”

त्याची बहीण कांता पहिल्या ओळीत उभी होती, सहा वर्षांची. ती म्हणाली, “त्यो मेला, गुर्जी.”

मला वाटलं, पोरगी खेळतेय. मी आश्रुबाकडं पाहिलं. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

“संक्रातीच्या आधी,” तो म्हणाला. “ताप आला. चार दिस सुदीक न्हाई काढले पोरानं. नदीला पुरला.”

चौदावा क्रमांक. मी वहीत पाहिलं. ‘ह’, ‘ह’, ‘ह’. संक्रांतीच्या आधी, संक्रांतीनंतर, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला, फेब्रुवारीत, कालपर्यंत. रविवारचे रकाने तेवढे मोकळे. मी त्या मुलाचा चेहरा आठवायला लागलो आणि तो मला नीट आठवेना. चौदावा क्रमांक, तेराव्या सीताराम गर्जेच्या खाली, पंधराव्या हनुमंताच्या वर, एवढंच आठवत होतं. मला स्वतःची शिसारी आली.

चौगुलेंनी ती ओळ पाहिली होती. त्यांनी नजर वळवली. चांगला माणूस होता.

पुढची नावं मी कशी वाचली ठाऊक नाही. चाळीस निघाली. शिवाय माझ्या पटावर नसलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली अजून तेहतीस पोरं. एकूण त्र्याहत्तर जण ना इकडं, ना तिकडं.

“देशमाने, स्पष्ट बोलू का?” चौगुले मला बाजूला घेऊन म्हणाले. “मी लिहितो. पण माझे साहेब विचारणार, शाळेच्या पटावर मुलं हजर आहेत, मग तिकडं लिहिली नसतील कशावरून? दोनदा नोंद झाली तर गळा माझा. तुम्ही मला लेखी द्या. ही मुलं दसऱ्यापासून गावात नाहीत, तुमच्या गटात त्यांची नोंद नाही. सही, शाळेचं नाव, तारीख. एक प्रत माझ्याकडं, एक तुमच्या पर्यवेक्षकाकडं.”

म्हणजे माझ्याच हातानं लिहून द्यायचं, की माझी हजेरी खोटी आहे.

“लेखी नसेल तर?”

“तर मला जमणार नाही. मलाही बायको-पोरं आहेत.”

मी संध्याकाळपर्यंत नदीच्या कडेनं येरझाऱ्या घालत होतो. नोकरी जाईल. अंबाजोगाईला वडील काय म्हणतील? परीक्षा एप्रिलमध्ये. त्र्याहत्तर पोरं नाही लिहिली तर कुणाचं काय अडणार आहे, एवढ्या मोठ्या देशात? सकाळची पहिली गाडी पकडायची, गुरुजींना सांगायचं, ‘झालं आहे सगळं.’ कोण बघायला येणार होतं? हे सगळं मी स्वतःला चारचारदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी ते पटतही होतं.

दिवस मावळताना गाड्या परतल्या. शेवंता, सुदामची आई, माझ्याकडं आली. तोंडावर काजळी, हाताला पाल्यानं कापलेल्या रेघा. तिला वाटलं होतं, सासूनं काही पाठवलंय.

“आत्याबाई कशा हायेत?” तिनं विचारलं.

“बऱ्या आहेत. तुमची नावं लिहून आण म्हणाल्या.”

ती जवळ आली. “तेस्नी सांगू नगा, गुरुजी. आमी आल्यावर सांगू. हितं आमी तरी समदे हाव. तितं म्हातारी येकलीच रडत बसंल, धराया कुनी न्हाई.”

“नाही सांगत.”

“आन् त्याचं नाव...” तिनं माझ्या पिशवीतल्या वहीकडं पाहिलं. “शाळंतून येवड्यात नगा काढू.”

मी चौगुलेंच्या खोलीवर गेलो आणि लिहून दिलं. धीर आला म्हणून नाही. ती ओळ पिशवीत घेऊन आणखी हिंडवत नव्हतं, म्हणून. ‘एक विद्यार्थी, सुदाम रामकिसन गर्जे, जानेवारीत मयत’ हेही लिहिलं. चौगुलेंनी दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रत्येक कोपीपुढं उकिडवे बसून लिहीत होते आणि मी पोरांची वयं सांगत होतो. ‘दुष्काळात झाला’ म्हटलं की मी सांगायचो, नऊ. ‘दुष्काळ हटला त्या साली’ म्हटलं की आठ.

अठ्ठावीसला मी कादरी गुरुजींच्या घरी पोचलो. त्यांनी माझी प्रत वाचली, घडी घातली, पुन्हा उलगडली.

“वीस जानेवारीला मी तुझी शाळा तपासली होती,” ते म्हणाले. “तुझ्या हजेरीवर माझी सही आहे.”

“माहीत आहे, गुरुजी.”

“मला तेव्हा वर्गात सतरा पोरं दिसली होती. मोजता येतं मला.” ते उठून खिडकीपाशी गेले. “दोन वर्षं राहिली माझ्या नोकरीची.”

मी म्हणालो, “नको असेल तर...”

“गप बस.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. त्यांनी पाकीट काढलं, कागद आत घातला आणि पत्ता स्वतःच्या हातानं लिहिला. “लोक लिहिणं म्हणत होतास ना तू? मग लिहिलंस ते लिहिलंस.”

त्या कागदानं पुढं आपलं काम केलं. माझी बदली झाली, वर ताशेरेही ओढले गेले. गुरुजींच्या सेवापुस्तकात निवृत्तीच्या तोंडावर पहिला ठपका लागला. त्याबद्दल ते मला कधी एक शब्द बोलले नाहीत. मी एम. ए. झालो, लातूरला एका कॉलेजात तीस वर्षं लोकसंख्याशास्त्र शिकवलं. दर जूनमध्ये पहिल्या तासाला शब्दाचा अर्थ आणि इतिहास सांगायचो, चारही जुने शब्द फळ्यावर लिहायचो. मुलं उतरवून घ्यायची. सावरघाटचं मात्र कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

एक मार्चला मी गावात शिरलो तेव्हा ठकूबाई वेशीतच बसली होती. सकाळच्या गाडीपासून बसली होती म्हणे.

“लिव्हलं?”

“लिहिलं, आजी. तिथं सगळ्यांना लिहिलं.”

“हितं येक, आन् तितं आठ?”

सरकारला मी तीन दिवसांपूर्वी खरं लिहून दिलं होतं. इथं कागद नव्हता, सही नव्हती, कुणाचा धाक नव्हता. शेवंताला शब्द दिला होता हे खरं, पण ‘सगळे बरे आहेत’ एवढं बोलून मला निघून जाता आलं असतं.

“आठ,” मी म्हणालो.

“सुदाम कसा हाय रं?”

“मजेत आहे.”

“वाळला का?”

“छे! उलट उंच झालाय. रोज संध्याकाळी पाढे म्हणतो. तुमची आठवण काढत होता.”

जीभ एकदा सुटली ती थांबेना. म्हातारीचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं, केलं हे बरंच केलं. तिनं दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून बोटं ओवाळून आपल्या कानशिलावर मोडली. त्या दिवसापासून तिचं शाळेच्या दारात येणं थांबलं. रस्त्यात भेटली की दुरूनच हसायची. मी सुखानं परीक्षेचा अभ्यास केला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात टोळ्या परतल्या. दुपारभर गर्जेंच्या घरातून रडणं ऐकू येत होतं आणि मी शाळेच्या खोलीला आतून कडी लावून बसलो होतो. जायला हवं होतं. गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. कारखान्यावरची पोरं परत येऊन बसली होती, वर्ग गच्च भरला होता. मी वही उघडली, चौदाव्या क्रमांकावर सुदाम अजून तसाच होता, आणि ठकूबाई दारात आली. काठी नव्हती. छातीशी फडक्यात बांधलेलं काहीतरी धरलं होतं. ती मुलांच्या मधून चालत माझ्या टेबलापर्यंत आली.

“तुला ठावं व्हतं,” ती म्हणाली.

“हो, आजी.”

“तवाच ठावं व्हतं. येशीत.”

“हो.”

“तू म्हनला, उच झालाय. पाढे म्हनतो.” ती रडत नव्हती. सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलत होती. “म्या हुरूप धरला. डोंगरावरची शेवटची बोरं येचली. त्याला वाळली बोरं लई आवडायची. दोन म्हैनं रोज पत्र्यावर टाकायची, सांजंला काढायची. शेरडं खातील म्हून राखन बसायची. त्यो मातीत, आन् म्या दोन म्हैनं बोरं राखीत बसले.”

तिनं फडक्याची गाठ सोडली आणि बोरं उघड्या हजेरीवर ओतली. काही घरंगळून खाली पडली, एकाही पोरानं उचलली नाहीत.

“तुझ्या वहीत हजर हाय न्हवं त्यो?” ती म्हणाली. “मंग दे त्याला.”